आठव्या माईकवरचं बोलणं

अक्का,

पाहुणे सगळे गेले. शेवटी तुमची मावसबहीण राहिली होती. तिला काल सकाळी होटगीच्या बसमध्ये बसवून दिलं आणि घरी येऊन जी खुर्चीत बसले ती दुपारपर्यंत उठलेच नाही. झोप नाही, रडणं नाही, नुसतं बसून राहणं. हे दुकानात जायला लागलेत. आम्ही दोघं चहा आणि जेवण एवढ्यापुरतंच बोलतो. भांडण नाही काही, पण वाक्य पुरं करायचाही कंटाळा येतो. चार महिने तुमच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या. अजून अकरा वाजले की हात डबीकडे जातो.

पेपरात ह्यांनी तुमचा फोटो दिला होता. खाली नागव्वा हे नाव, वय आणि 'टेलिफोन खात्यातून सेवानिवृत्त'. फोटो तुमच्या जुन्या ओळखपत्रावरचा, ज्यात तुम्ही फोटोग्राफरवरच चिडल्यासारख्या दिसता. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ह्यो कुटनं काढला गं? मेल्यावर तरी बरा द्यायचा."

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुम्ही समोर होतात तेव्हा सांगायला हवी होती. आता लिहूनच सांगते, आणि पहिल्यापासून सांगते, म्हणजे मधेच निसटता येणार नाही.

शाळा बंद होत्या त्या काळात मी पाचवीच्या पोरांसाठी कविता वाचून फोनवर पाठवायची. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, सगळं त्यात यायचं. पूजानं पुण्याहून आवाज भरून घ्यायचं ते खोकं पाठवलं. आईची हौस म्हणून. पुढं दोन माईक लावायच्या जागा, मागून एक वायर कॉम्प्युटरला. माईकमधला आवाज ते खोकं आकड्यांत बदलतं आणि कॉम्प्युटरला देतं, एवढं मला कळलं आणि पुरेसं वाटलं. जागा मात्र नव्हती. घरात शांत खोली एकच, वरची, तुमची. लग्न करायचं नाही असं ठरवून तीस वर्षं नोकरी केलेल्या माझ्या नणंदेची ती खोली. सासूबाईसुद्धा तिथं विचारून जायच्या. मी विचारायच्या आधीच तुम्ही पलंग भिंतीला सरकवला. "अर्धी तुझी," म्हणालात. मग आपण दोघींनी भिंतीवर जुन्या चादरी आणि वाकळा ठोकल्या, आवाज घुमू नये म्हणून. मे महिन्यात पंखा बंद करून गायचं म्हणजे काय, ते सोलापूरच्या माणसालाच कळेल. तुम्ही पदरानं मला वारा घालायच्या, आणि पदराचाही आवाज येतोय म्हटल्यावर वहीचा पुठ्ठा शोधून आणायच्या.

शाळा सुरू झाल्या, माझी नोकरीही संपली, पण खोकं राहिलं. मी माझी गाणी म्हणायची, तुम्ही कानाला हेडफोन लावून पलंगावर बसायच्या. "तिसऱ्या ओळीला श्वास मोडला." "खुर्ची करकरली." टेलिफोनच्या एक्सचेंजमध्ये तुम्ही ऑपरेटर म्हणून लागलात आणि पुढं परीक्षा देऊन तांत्रिक कामाला गेलात. आवाज ऐकून लाईन कुठं बिघडली ते सांगायच्या, असं तुमच्या बरोबरीच्या बायका अजून सांगतात. ते मला खरं वाटलं ते त्या खोलीत.

मग तुमच्या डोक्यात वळसंगच्या बायका आल्या.

तुमच्या लहानपणीच्या गल्लीतल्या सात जणी, आणि आठव्या तुम्ही. लहानपणापासून लग्नाघरी हळदीची गाणी म्हणणाऱ्या, अर्धी कानडी, अर्धी मराठी. चौघी ओळ टाकणार, चौघी उचलणार. गुरुबाई सगळ्यांत थोरली, तुमची जिवलग मैत्रीण. तिला आता वरचा सूर लागत नव्हता. "अजून दोन वरसं थांबलं तर काय राहतंय?" तुम्ही म्हणालात. आपण दोन माईक घेऊन वळसंगला गेलो. आठ जणींच्या मधे दोन माईक ठेवले, तर नुसता गलका आला. कोण काय म्हणतंय ते कळेना. मग मी शहाणपणानं सुचवलं, एकेकीनं वेगवेगळं म्हणा, मी नंतर जुळवते. गुरुबाईला एकटीला माईकसमोर बसवलं. ती एक ओळ म्हणाली आणि थांबली.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढं त्या म्हणायच्यात की," ती म्हणाली. "मी एकटी कशी म्हणू? कुणी उचलायलाच न्हाई."

परत आलो. दुसऱ्या दिवशी चष्मा नाकावर ठेवून खोकं उलटं धरून बसलात. मागं एक छोटी चौकोनी झडप होती, मी कधी उघडलीच नव्हती. तुम्ही नखानं ती आत ढकललीत.

"सुमन, हे बघ. हे डिजिटल इन. हितनं अजून आठ येत्यात की!"

मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. दोन माईकच्या खोक्याला आठ माईक कुठून येणार? तुम्ही समजावून सांगितलंत. आठ माईकचं एक वेगळं खोकं मिळतं. ते आठ आवाजांचे आकडे करतं, आणि ते सगळे आकडे एका काचेच्या तंतूसारख्या बारीक केबलमधून, प्रकाशाच्या रूपात, या झडपेतून आत सोडतं. "आमच्याकडं एका तारेत कितीतरी लोक बोलायचे. आठ म्हणजे काय!" असं म्हणताना तुमचा चेहरा किती वर्षांनी तसा दिसला होता. निवृत्त झाल्यापासून तुम्हाला कुणी काही विचारत नव्हतं, अक्का. ते मला तेव्हा कळलं नाही, आता कळतंय.

आठ माईकचं खोकं तुम्ही जुनं शोधून काढलंत, कुठल्याशा ऑर्केस्ट्रावाल्याकडून. माईक इकडून तिकडून जमवलेत. एकसारखे दोनही नव्हते. आठ वायरींना तुम्ही साड्यांच्या काठांचे वेगवेगळ्या रंगाचे धागे बांधलेत, म्हणजे कुठली कुणाची ते कळावं. ज्या दिवशी ती केबल लावली आणि तिच्या टोकाशी लाल उजेड दिसला, तेव्हा तुम्ही मला खालून हाक मारून बोलावलंत. माझ्या हातात कणीक होती. तशीच आले.

वाद तिथंच सुरू झाला.

तुम्ही म्हणालात, दोन्ही खोक्यांच्या पोटात घड्याळ आहे. प्रत्येक खोकं एका सेकंदात हजारो वेळा आवाज मोजतं, आणि दोघांनी आपापल्या घड्याळानं मोजलं तर कुठंतरी पाऊल चुकतं. "एक्सचेंजला एक्सचेंज जोडलं की घड्याळ एकाचंच चालायचं. दुसऱ्यानं त्याचं ऐकायचं." मला पटलं. मी म्हणाले, मग माझ्या खोक्याचं चालवू, मुख्य तेच आहे, कॉम्प्युटरला तेच जोडलंय.

"अगं, पर वायर एकाच बाजूनं येतीया," तुम्ही म्हणालात. "आठवालं बोलतंय, तुझं ऐकतंय. आठवाल्याला तुझं घड्याळ कळायचं कसं? तू त्याचं धर."

मी 'बरं' म्हणाले. आणि तुम्ही खाली गेल्यावर मी वाचलेल्या कुठल्याशा माहितीवर विसंबून घड्याळ माझ्याच खोक्याचं ठेवलं. तुम्हाला सांगितलं नाही. तपासायला तुम्ही प्रत्येक माईकमध्ये एक ते दहा म्हणून दाखवलंत, तेवढ्यापुरते आवाज स्वच्छ आले, आणि माझंच बरोबर ठरलं असं मी मनात म्हणाले.

संक्रांत झाल्यावर त्या सात जणी जीप करून आल्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, सगळं बांधून. खोलीत गोल बसवलं. बांगड्या फार वाजतायत, काढायला सांगा, असं मी तुम्हाला हळूच म्हटलं. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत! "हळदीचं गाणं बांगड्या काढून म्हणंल व्हय कुणी? वाजू दे." तो वाद आपला कधीच मिटला नाही. आज चौथ्या माईकवर बांगड्या आहेत, आणि मी त्या पुसाव्यात की ठेवाव्यात हे मला अजून ठरवता येत नाही.

पहिलं गाणं झालं. मी ऐकून बघितलं. मधे मधे 'टक्' आवाज. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा टक्. कधी दहा सेकंदांनी, कधी लगेच. आठही माईकवर. चार वेळा म्हणायला लावलं. गुरुबाईचा घसा बसायला लागला. घामानं माझी पाठ चिकटलेली, सगळ्या माझ्याकडं बघतायत, आणि तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "सुमन, घड्याळ बघ. घड्याळ कुणाचं लावलंयस?"

मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेलच. मी इथं लिहिते, कारण ते शब्द मी कुणालाच पुन्हा सांगितलेले नाहीत. मी म्हणाले, "घड्याळ बरोबर लावलंय. तुमचं हे भंगार खोकं आणि ती वायर निकामी आहे. टेलिफोन जोडणं वेगळं आणि हे वेगळं, अक्का. सगळ्यातलंच आपल्याला कळतं असं धरून चालू नका."

तुमच्या मैत्रिणींसमोर. तुमच्याच खोलीत.

तुम्ही उठलात, एकेक माईक काढून कापडात गुंडाळलात, आणि म्हणालात, "चला गं, जेवून घ्या." त्या जेवल्या आणि गेल्या. एकही गाणं न होता.

दोन दिवसांनी तुम्ही पूजाकडं पुण्याला जाते म्हणालात. मला वाटलं, रागावून चाललात. तुम्ही गेल्यावर मी वर जाऊन बसले आणि, खरं सांगायचं तर तुम्हाला खोटं पाडायला, घड्याळ तुम्ही सांगितलं तसं करून बघितलं. आठवाल्याचं धरलं. अर्धा तास चालू ठेवलं. एक टक् नाही. पुन्हा उलटं केलं, आला. सुलटं केलं, गेला. चार वेळा करून बघितलं. फोन हातात होता. तुमचा नंबर लावायचा आणि म्हणायचं, अक्का, तुम्ही म्हणालात तेच होतं. एवढंच वाक्य. मी फोन खाली ठेवला आणि भाजी निवडायला गेले.

चौथ्या दिवशी तुम्ही परत आलात. हातात नवी केबल. पुण्यात दुकानं पालथी घालून आणलेली. ती वाकवायची नसते म्हणून सगळा प्रवास मांडीवर सरळ धरून बसला होतात. बसमधून उतरताना तुमचा गुडघा सुजला होता. "लावून बघ," म्हणालात. मी लावली. घड्याळ मी आधीच सुलटं करून ठेवलं होतं. एकही टक् आला नाही. तुम्ही हेडफोन लावून बराच वेळ ऐकलंत.

"वायरच खराब होती, अक्का," मी म्हणाले.

तुम्ही हेडफोन काढलात. माझ्याकडं बघितलंत. "बरं झालं," म्हणालात. "आता बोलावू या त्यांना."

ज्वारीची काढणी संपल्यावर त्या पुन्हा आल्या. यावेळी सगळं सुरळीत झालं. नऊ गाणी. गुरुबाईचा वरचा सूर लागला नाही तिथं तुम्ही हळूच उचललात. मी दोन गाण्यांच्या मधे बंद करायला लागले, तर म्हणालात, "बंद करू नको. बटण दाबलं की बायका ताठ होत्यात. चालू राहू दे." म्हणून मी ते चालूच ठेवलं आणि मधे पाणी आणायला खाली गेले. त्या संध्याकाळी जीप गेल्यावर तुम्ही पायरीवर बसून राहिलात. मी शेजारी बसले. तुम्ही म्हणालात, "लई दिवसांनी काम केल्यागत वाटलं." मी तेव्हा सांगू शकले असते. बाजूला कुणी नव्हतं. पण इतका चांगला दिवस कशाला बिघडवायचा, असं म्हणून राहू दिलं. न सांगायला माणसाला चांगला दिवसही पुरतो आणि वाईटही.

वाईट दिवस लगेच आले. पोटातलं दुखणं, तपासण्या, मुंबईला जाऊन येणं. मी तुमचं सगळं केलं असं लोक म्हणतात. केलं. अंघोळ घातली, वेणी घातली, रात्र रात्र बसले. पण अक्का, त्या करण्यात एक भाग हाही होता की हातांनी एवढं केलं तर तोंडानं सांगायची वेळ येणार नाही. मी तुमची पाठ पुसत असताना मनात ते एक वाक्य असायचं, आणि मी जास्तच जोरात पुसायची. "अगं, कातडं काढतीस व्हय?" तुम्ही एकदा म्हणालात.

शेवटच्या आठवड्यातली ती दुपार. ऊन खिडकीतून तुमच्या पायावर आलं होतं. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "सुमन, काय बोलायचं हाय का?"

मी म्हणाले, "काही नाही. दूध घेता का थोडं?"

"आण," म्हणालात.

मी आणलं. तुम्ही दोन घोट घेतलेत.

तुम्हाला माती देऊन आल्यावर आठ दिवस मी वर गेले नाही. नवव्या दिवशी गुरुबाईचा फोन आला. गाणी कुठवर आली, म्हणून. तिला बाकी काही बोलता येईना, म्हणून ते विचारलं असणार. दुपारी मी वर जाऊन कॉम्प्युटर लावला. तोवर मी गाणी सगळ्यांची मिळूनच ऐकली होती. आता एकेक आवाज वेगळा करून नीट करायला घेतला. पहिला, दुसरा, तिसरा. आठवा तुमचा, हिरव्या धाग्याचा. तो शेवटी ठेवला होता.

दुसरं गाणं संपल्यावर माझी पावलं जिना उतरून जाताना ऐकू येतात. मग गुरुबाई, जरा लांबून, कानडीत. तीस वर्षांपूर्वी वेळापूरहून या घरात आले तेव्हा तुमचं कानडी मला ओ की ठो कळत नव्हतं. बोलायला मी अजूनही घाबरते, पण कळतं आता सगळं. तुम्हाला ते माहीत होतं.

"मागल्या बारीला वायर गेली होती म्हणं?" ती विचारते.

"वायर चांगली होती गं," तुम्ही म्हणता. "तिनं घड्याळ उलटं लावलेलं."

"मग आता?"

"आता बरोबर हाय की. तिचं तिला सापडलं."

"आन् तुला सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

"मग तू इचार की तिला."

"ब्याडव्वा, ब्याड," तुम्ही म्हणता, नको गं नको. "इचारून सांगितलं तर त्यात काय? सांगंल तिच्या मनानं. मी काय कुटं पळून चाललीय व्हय?"

मग बांगड्या, कुणाचं तरी खोकणं, जिन्यावर पेल्यांचा आवाज. आणि तुमचाच आवाज, मोठ्यानं, मराठीत: "ये सुमन, ठेव हितं. बस."

मी ते पुन्हा लावलं नाही. एकदाच ऐकलं. पलंगावर तुमची चादर तशीच होती, तिच्यावर आडवी झाले आणि भिंतीवरच्या वाकळांकडं बघत राहिले. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हसून सोडून दिलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही वाट बघितलीत. त्या दुपारी डोळे मिटून विचारलंत तेव्हाही तुम्ही वाटच बघत होतात, आणि मी दूध आणायला गेले.

ह्यांना सांगितलं. ते जेवत होते. घास खाली ठेवला आणि म्हणाले, "मला कशाला सांगतेस? ज्यांच्यासमोर बोललीस त्यांना सांग जा."

म्हणून आज सकाळच्या बसनं वळसंगला गेले होते. कॉम्प्युटर पिशवीत, एक लहान स्पीकर. दोनदा वाटलं परत फिरावं. गुरुबाईच्या कट्ट्यावर सातही जणी जमल्या. चहा झाला. मी गाणी लावायच्या आधी उभी राहिले. शाळेत सत्तावीस वर्षं उभं राहून बोलले, पण आज आधाराला कट्ट्याचा खांब धरला.

"त्या दिवशी मी अक्कांना तुमच्यासमोर बोलले," मी म्हणाले. "चूक त्यांची नव्हती. खोकं चांगलं होतं, वायर चांगली होती. त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही. दोन दिवसांनी मला कळलं आणि तरीही मी त्यांना सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही."

एक कोंबडी कट्ट्यावर चढली, तिला कुणी हाकललं नाही.

मग गुरुबाई बोलली. "आमाला तुमचं घड्याळ-बिड्याळ काय कळत न्हाई. पर त्या दिशी जीपमधी वळसंग येस्तवर कुणी तोंड उघडलं न्हाई बग. नागव्वा आमच्यातली सगळ्यात हुशार. तिला कुणी तसं बोलल्यालं आमी कधी बगितलं नव्हतं."

"हं," मी म्हणाले.

"सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "तिला सांगायचं होतंस."

"व्हय," मी म्हणाले.

"लाव आता."

मी गाणी लावली. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही, आणि मी ते मागितलंही नाही. पहिल्या गाण्यालाच त्या स्वतःच्या आवाजावर हसायला लागल्या. "ही मी व्हय? शेळीगत!" तिसऱ्या गाण्यात गुरुबाईचा सूर पडतो आणि तुम्ही उचलता, तिथं तिनं पदर तोंडाला लावला. नऊही गाणी ऐकली. मधली बोलणी मी काढून टाकली होती. ते आठव्या माईकवरचं तेवढं वेगळं ठेवलंय. ते पुसणार नाही. ते कुणाला ऐकवणारही नाही. माझ्याजवळ राहील.

निघायच्या वेळी गुरुबाई म्हणाली की अजून पाच गाणी राहिलीत, पाळण्याची. दिवाळीच्या आत करून घ्यायची. "आठवी कोण?" दुसरी एक म्हणाली. मग गुरुबाईनं माझ्याकडं बघितलं.

"तू बस की. गळा हाय न्हवं तुला?"

मी म्हणाले, मला कानडी बोलता येत नाही. मी म्हणाले, मशीन कोण बघणार. मी म्हणाले, अक्कांच्या जागेवर मी कशी.

"मशीन चालू करून यायचं आन् बसायचं," ती म्हणाली. "आन् जागा कुणाची नसती. उचलायला कुणीतरी लागतंय, बस्स."

बसला अजून तास होता. त्यांनी मला तिथंच बसवलं. चौघींनी ओळ टाकली, बाळाला निजवायची ओळ, साधीच. तीन जणी आणि मी उचलणार होतो. मी तोंड उघडलं. दुसरा कानडी शब्द माझ्या जिभेवर वळलाच नाही, आणि मी काहीतरी भलतंच म्हणाले. सातही जणी थांबल्या.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

लगेच म्हणाले, अक्का. कुणी विचारायच्या आधी.

"पुन्हा," गुरुबाई म्हणाली, आणि तिनं ओळ टाकली.